हवामान खात्यातला माणूस

चष्म्याच्या दुकानात माणसं जितकं खोटं बोलतात तितकं कोर्टातही बोलत नसतील. समोरच्या पाटीवरची शेवटची ओळ दिसत नसते, तरी अंदाजाने काहीतरी ठोकून देतात आणि वर विचारतात, "बरोबर ना?" चिमीला आता याची सवय झाली होती. आत्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम तिच्याकडे येऊन बरीच वर्षं झाली होती. कोण दिसतंय म्हणून वाचतंय आणि कोण लाजेकाजेस्तव, हे तिला आवाजावरून कळायचं.

त्या दुपारी बाहेर भुरभुर पाऊस होता. गिऱ्हाईक नव्हतं. आत्या काउंटरमागे डुलक्या काढत होती. तेवढ्यात दार ढकलून एक उंच माणूस आत आला, पायपुसण्यावर बराच वेळ पाय पुसत उभा राहिला आणि मग रुमालात गुंडाळलेला चष्मा त्याने काउंटरवर ठेवला. एक काडी गायब होती. दुसरीवर दातांचे ठसे होते.

"कोणी चावलं?" चिमीने विचारलं.

"पेशंटने."

चिमीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे… मी जनावरांचा डॉक्टर आहे," तो घाईघाईने म्हणाला. "मागच्या गल्लीत दवाखाना आहे. पेशंट म्हणजे कुत्रा. त्याची काही चूक नाही. मी त्याच्या दाताला हात लावला, त्याने माझ्या चष्म्याला दात लावला. फिटंफाट."

तिला हसू आलं, पण दुकानात हसायचं नाही असा तिचा नियम होता. तिने त्याला खुर्चीवर बसवलं, भिंगं बदलत लांबचा नंबर काढला. मग तो म्हणाला, हल्ली वाचताना डोकं दुखतं. तेव्हा तिने जवळचं वाचायचं कार्ड त्याच्या हातात दिलं.

या कार्डाची एक गोष्ट होती. आधीच्या कार्डावर पहाटे उठण्याच्या फायद्यांवर एक उतारा होता. तो वाचून वाचून कार्डच मऊ पडलं, फाटलं. नवं छापून घ्यायची वेळ आली तेव्हा चिमीने कोणाला न विचारता त्यावर स्वतःच्या ओळी घातल्या. शाळेत असल्यापासून ती कविता लिहायची. पण लिहायची म्हणजे लिहायची… दाखवायची नाही. कार्डावरही तिने कविता म्हणून छापली नव्हती. ओळी न तोडता सलग छापली होती, वर अक्षरं मोठी, खाली बारीक होत जाणारी. तेव्हापासून निवृत्त हेडमास्तर, शिंपी, वकिलीणबाई अशा सगळ्यांनी तिची कविता तिच्यासमोर मोठ्याने वाचली होती, कोणी बातम्यांसारखी, कोणी बाराखडीसारखी, आणि कोणाला काही पत्ता लागला नव्हता. चिमीला हे फार आवडायचं. इतकी बिनधोक प्रसिद्धी जगात दुसरी कुठली असणार?

डॉक्टरने कार्ड थोडं लांब धरलं आणि वाचायला सुरुवात केली.

"दुपारी घर रिकामं असतं तेव्हा…" तो थांबला. "खुर्च्या आपसात बोलतात." पुन्हा थांबला. "इथे कोण बसायचं… कोण उठून गेलं… आणि मी आत आले की सगळ्या गप्प होतात."

चिमीच्या हातातलं भिंग हातातच राहिलं. तिने लिहिताना जिथे जिथे ओळ तोडली होती, नेमका तिथेच हा माणूस श्वास घेत होता.

"आणि माझ्या मनाचं आभाळ होतं," त्याने शेवट केला. मग कार्ड खाली ठेवून विचारलं, "ही कविता कोणाची?"

"कविता कुठली… कंपनीकडून येतात ही कार्डं."

"मग कंपनीत कोणीतरी फार छान लिहिणारं माणूस आहे." तो थोडा घुटमळला. "शेवटची ओळ सोडून."

"का? काय झालं शेवटच्या ओळीला?"

"खुर्च्या खऱ्या आहेत हो. घरातलं कोणीतरी गेलंय, हे न सांगता सांगितलंय. आणि एकदम आभाळ कुठून आलं? खुर्च्यांच्या घरात आभाळाचं काय काम? ती ओळ दुसऱ्या कोणाकडून तरी उसनी आणलेली वाटते."

चिमीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "शेवटची ओळ नीट दिसली ना? तेवढंच सांगा. मला नंबर काढायचाय, समीक्षा नको."

"दिसली," तो ओशाळून म्हणाला. "फारच नीट दिसली."

तो गेल्यावर चिमी उरलेला दिवस धुमसत होती. कुत्र्यांचे दात उपटणारा माणूस, हा मला कविता शिकवणार! दुसऱ्या दिवशी तिचा राग निम्म्यावर आला. तिसऱ्या दिवशी फ्रेमा पुसता पुसता तिच्या लक्षात आलं, की आई गेल्यावर त्या घरात ती पहिल्यांदा शिरली तेव्हा तिला आभाळबिभाळ काही वाटलं नव्हतं. आपण चुकीच्या वेळी आत आलो, एवढंच वाटलं होतं. आणि मग ओळ आली. पुसायचं फडकं हातात घेऊन चिमी तशीच उभी राहिली.

डॉक्टर चष्मा न्यायला आला तेव्हा तिने नवा चष्मा त्याच्या नाकावर चढवला आणि नव्याने छापलेलं कार्ड पुढे केलं. "वाचून बघा. दुखतंय का डोकं?"

तो वाचत गेला. गप्प होतात, इथपर्यंत आला. आणि मग, "जशा वर्गात मुली… बाई आल्यावर."

तो हसला. चांगलं मोठ्याने हसला. आत्या दचकून जागी झाली. हसून झाल्यावर मात्र त्याने तीच ओळ पुन्हा एकदा मनात वाचली, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. चिमी तो चेहरा बघत होती. असं आपल्या ओळीकडे कोणी बघेल याची तिने कधी कल्पनाच केली नव्हती.

"कंपनीने फार लवकर ऐकलं," तो म्हणाला.

"कंपनी गिऱ्हाइकाचं ऐकते."

"मग कंपनीला विचारा ना… अजून काही आहे का वाचायला?"

चिमीने आत्याकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गुरुवारी दुपारी आत्या बँकेत जाते." बोलल्यावर तिला कळलं हे कसं ऐकू आलं असेल. "म्हणजे… तेव्हा भिंगं घासायचं मशीन बंद असतं. आवाज नसतो. वाचायला बरं."

"मशीनचा आवाज नको, हे बरोबर," तो फार गंभीरपणे म्हणाला.

अशा रीतीने गुरुवार सुरू झाले. मागच्या खोलीत मशीनशेजारी दोन स्टुलं, एक चहाचा थर्मास, बशीत बिस्किटं. तो कुठली कुठली जुनी पुस्तकं घेऊन यायचा. त्यातली एखादी कविता आधी वाचायचा, मग चिमीचा कागद हातात घ्यायचा. तिची कविता तोच वाचायचा. स्वतः वाचायला ती काही केल्या तयार नव्हती.

"माझ्या आवाजात त्या बावळट वाटतात," ती म्हणायची.

"तुम्ही ऐकलंय कधी तुमच्या आवाजात?"

"नाही. पण माहितेय."

तो स्वतः काही लिहीत नव्हता. "गाणाऱ्याला ऐकणारा लागतो ना," म्हणायचा, "मी तो पेशा घेतलाय." पण ऐकणारा असा, की एक शब्द जास्त झाला तरी त्याच्या भुवया जवळ यायच्या. आवडलं की तो काहीच बोलायचा नाही, फक्त बशीतलं बिस्कीट मोडून हातात तसंच धरून बसायचा. चिमी आता बिस्किटांवर लक्ष ठेवायला शिकली होती.

बोलता बोलता एकदा कळलं, की तो रोज संध्याकाळी दवाखान्यात मुक्कामाला असलेल्या जनावरांना कविता वाचून दाखवतो.

"थापा मारू नका."

"खरंच. ऑपरेशन झालेली जनावरं घाबरलेली असतात. माणसाचा आवाज एका लयीत चालू राहिला की निजतात. आधी मी वर्तमानपत्र वाचायचो, पण त्याने ती जास्त घाबरायला लागली."

"मग गोष्ट वाचायची."

"पुढे काय झालं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं हो. आत्ता कसं वाटतंय, एवढंच असतं त्यांचं. म्हणून कविता."

चिमीला हे बघायचंच होतं. एका संध्याकाळी दुकान बंद करून ती दवाखान्यात गेली. औषधाचा आणि ओल्या केसांचा वास, कोपऱ्यात पिंजरे, आणि एका पिंजऱ्यात एक म्हातारा, एका कानाचा कुत्रा, जो येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांवर गुरगुरत होता. त्याचा रुबाब बघून डॉक्टर त्याला 'साहेब' म्हणायचा. डॉक्टरचा चष्मा याच कुत्र्याने चावला होता. डॉक्टर पिंजऱ्यासमोर जमिनीवरच मांडी घालून बसला आणि हलक्या आवाजात वाचू लागला. साहेबांनी थोडा वेळ गुरगुरून पाहिलं, मग पुढच्या पंजांवर हनुवटी टेकली.

"यांना यमक लागतं," डॉक्टर कुजबुजला. "तुमची मुक्तछंदातली वाचली की उठून पाठ फिरवून बसतात. जुन्या वळणाचे आहेत."

"मग त्यांच्यासाठी यमकात लिहीन."

"लिहा. माझ्यापेक्षा चांगला श्रोता आहे."

"तुमच्यापेक्षा?" ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा नाही."

ती हे सहज म्हणून गेली. पण त्याने पान उलटलंच नाही, त्याच पानावर बराच वेळ बोट ठेवून बसला. घरी जाताना चिमीच्या लक्षात आलं, आपण चालत नाही आहोत, जवळजवळ पळतोय.

झालं. त्या आठवड्यात तिने त्याच्यावर कविता लिहिली. एका बैठकीत, न खोडता. आणि गुरुवारी तो कागद त्याच्या हातात दिला. कोणावर आहे ते सांगितलं नाही. सांगायची गरजच काय, वाचल्यावर कळेलच की.

तो वाचू लागला. "त्याच्या डोळ्यांत समुद्र… त्याच्या चालीत वारा… तो बोलू लागला की झाडं कान देतात… त्याच्या येण्याने ऋतू बदलतो…" त्याचा आवाज कोरडा होत गेला. वाचून झाल्यावर त्याने कागदाची घडी घातली. बिस्किटाला हात लावला नाही.

"कोण आहे हा?"

"आहे एक," चिमी म्हणाली.

"समुद्र, वारा, ऋतू… हवामान खात्यात नोकरीला आहे का?"

चिमी थर्मासचं झाकण घट्ट लावू लागली.

"खोटा वाटतो हा माणूस," तो पुढे बोलतच राहिला. "एवढं सगळं एका माणसात नसतं हो. याला कधी सर्दी होते का? हा जेवतो काय? तुमची सगळ्यांत वाईट कविता आहे ही. खरं सांगायचं ठरलंय आपलं, म्हणून सांगतो."

चिमीने त्याच्या हातातून कागद काढून घेतला. चुरगळून मुठीत धरला. "पुढच्या गुरुवारी येऊ नका," ती म्हणाली. "मशीनचं काम आहे."

तो उठला. छत्री विसरून गेला.

पुढचा गुरुवार गेला. त्याच्या पुढचाही गेला. चिमी गिऱ्हाइकांना भिंगं उलटी लावू लागली. तेव्हा आत्याने एका दुपारी दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि तिच्यासमोर बसली.

"काय झालंय?"

"काही नाही."

"चिमे, बँकेतलं काम दहा मिनिटांचं असतं. मी दर गुरुवारी दोन दोन तास बाजारात फिरत होते, ते काय पायांना व्यायाम म्हणून? सांग आता."

चिमीने सांगितलं. सगळंच सांगितलं, कार्डापासून. आत्या ऐकत होती.

"म्हणजे त्याने तुझ्या कवितेला नावं ठेवली. आणि कवितेत होता तोच."

"हो."

"आणि हे त्याला माहीत नव्हतं."

"नसेल… पण कळायला नको?"

"काय लिहिलं होतंस?"

"डोळ्यांत समुद्र…"

"त्याच्या?" आत्याने चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, पोरगा गुणी आहे, माणूस म्हणून लाखात एक आहे. पण त्याचे ते कान बघितलेस का तू? आणि चालीत वारा? आपल्या दारात दोनदा अडखळलाय तो, माझ्यासमोर. त्याला स्वतःची ओळख पटणार कशी? मलाही पटली नसती."

चिमीला आधी रडू आलं, मग त्या रडण्यातच हसू फुटलं, आणि मग ते थांबेचना. आत्याने तिच्या पाठीवर थोपटलं आणि चहा टाकायला उठली.

हसू ओसरल्यावर चिमी मागच्या खोलीत जाऊन त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत बसली. आत्याचं बरोबर होतं. त्याचंही बरोबर होतं. आपण त्या कवितेत एका कोणत्यातरी माणसाला बसवलं होतं, ज्याने आपल्याला कधी हसवलंसुद्धा नव्हतं. मग ज्याने हसवलं तो कसा आहे? तिने कागद ओढला. या वेळी लिहायला बरेच दिवस लागले. सुंदर सुंदर शब्द आपणहून येत होते, आणि तिला त्यांना एकेकाला दाराबाहेर काढावं लागत होतं.

कविता झाल्यावर ती कुठल्या वाराची वाट बघत बसली नाही. भर सकाळी दवाखान्यात गेली. बाहेरच्या बाकावर एक बाई मांडीवर पोपटाचा पिंजरा घेऊन बसल्या होत्या. आत टेबलावर एक भेदरलेलं मांजर होतं, त्याच्या पायाला सलाईन लावलेली होती, आणि डॉक्टर दोन्ही हातांनी त्याला धरून उभा होता.

तिला बघून त्याचा चेहरा एकदम उजळला आणि तितकाच एकदम पडला. "मला हात सोडता येणार नाही," तो म्हणाला. "सोडलं की सुई उपटतं हे."

"सोडू नका. उलट बरंच आहे. मला वाचायचंय काहीतरी."

"तुम्हाला?"

"हो, मलाच."

तिने कागद उघडला. तिने घसा साफ केला आणि वाचायला लागली.

"त्याच्या बाहीला एक केस असतो,
रोज वेगळ्या रंगाचा.
त्यावरून मला कळतं
आज कोण आजारी होतं.

तो बिस्कीट मोडतो,
लहान तुकडा खातो,
मोठा बशीत विसरतो.
मी तो खाते.

एवढंच आमचं.
याला काय म्हणतात
मला माहीत नाही,
पण दार उघडायच्या आधीच
मला त्याचे पाय पुसलेले ऐकू येतात."

तिचा आवाज बावळट वाटला की नाही, ते तिच्या लक्षातच राहिलं नाही. तिने मान वर केली. डॉक्टर मांजराकडे बघत होता. मांजर गप्प होतं. डॉक्टरच्या डाव्या बाहीला एक करडा केस चिकटलेला होता, आणि तोही आता त्याला दिसला होता.

"हा माणूस…" तो सावकाश म्हणाला, "हा त्या समुद्रवाल्याचा कोण?"

"तोच आहे. तेव्हाही तोच होता. मला नीट काढता आला नव्हता."

सलाईनचे थेंब पडत होते.

"मला वाटलं, तसा कोणीतरी खरंच आहे," शेवटी तो म्हणाला. "घरी जाऊन आरशात बघितलं मी. समुद्र कुठला, नुसता नंबर आहे डोळ्यांत. ती कविता वाईटच होती, हे मी आजही म्हणेन. पण त्या दिवशी मला वाईट म्हणताना आनंद होत होता. तेवढं चुकलं माझं. मत्सर होता तो. माफ करा."

चिमीने कागद घडी करून ठेवला.

"आणि मग मीही लिहून बघितलं," तो म्हणाला. "तुमच्यावर. पहिल्या ओळीत तुमचं नाव लिहिलं, आणि पुढे काही सुचेचना. चार दिवस तेवढीच ओळ."

"बरी आहे की ओळ."

"नाही हो, मला जमणारं काम नाही ते. म्हणून सरळच सांगतो." त्याने मांजराच्या पायातली सुई एकदा पाहिली. "गुरुवार मला पुरत नाहीत. मला बाकीचे वारही हवेत. सगळे. तुम्ही लिहिणार, मी ऐकणार. कधी वाईट झालं तर वाईट म्हणणार, पण त्यानंतर उठून जाणार नाही. तुम्ही… माझ्याशी लग्न कराल?"

"करेन," चिमी म्हणाली. "पण आधी मला तुम्ही म्हणणं थांबव."

तो गडबडला. बाहेरून पोपटवाल्या बाईंचा आवाज आला. "डॉक्टर, आमचं काही घाईचं नाही. होऊ दे तुमचं सावकाश."

दोघांनाही हसू आलं, आणि मांजराने कान टवकारले, तशी त्याने त्याला पुन्हा घट्ट धरलं.

"तू…" तो म्हणाला, आणि त्या एका शब्दानेच त्याचे ते मोठे कान लाल झाले. पुढचं वाक्य शोधायला त्याला बराच वेळ लागला. "तू… काही खाल्लंस का सकाळपासून?"

"नाही," चिमी म्हणाली. "भीतीने काही गेलंच नाही घशाखाली."

तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढून टेबलाजवळ घेतलं, बसली, आणि मांजराच्या पाठीवरच्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला. सलाईन अजून अर्धी बाकी होती.